चार पोट्टे आणि एक खाट म्हणजे एक पिकअप

सदाराम मामाजींनी स्वतःच्या मयताची तालीम केली होती.

झालं असं, की गावातल्या एका म्हाताऱ्याला नेताना हापशीच्या गल्लीत तिरडी अडकली. आडवी करा, तिरपी करा, असं करता करता म्हातारा जवळजवळ खाली आला. मामाजींना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बांबू बांधून घेतले, त्यावर स्वतः झोपले, डोळे मिटले आणि म्हणाले, "उचला." चौघांनी उचललं. मामाजी खालून सूचना देत होते, "डावं... डावं... अरे तुमचं नाई, माझं डावं!" गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाची फांदी त्यांच्या नाकाला लागली, तसे ते तिरडीवर ताडकन उठून बसले. समोरून घागर घेऊन येणारी बाई घागर टाकून जी पळाली, ती आजही त्या गल्लीतून एकटी जात नाही.

मामीजी हातातला झारा घेऊनच आल्या. "उतरा खाली. तुमी मेल्यावर का करायचं ते माझं मी पाहीन."

"पाहशीन, पन फांदी कोन तोडन?" मामाजी म्हणाले.

फांदी त्याच दिवशी तोडली गेली. तेव्हापासून गावात कुणाचंही मयत अडकलेलं नाही, आणि प्रत्येक मयताला मामाजी हे हलक्या आवाजात कुणाला तरी सांगतात.

आमचं गाव मध्य प्रदेशात, बालाघाटहून लांजीकडे जाताना रस्ता सोडून आत, जलाशयाच्या काठाला आहे. मामाजी माझे सख्खे मामा नाहीत. माझ्या आईच्या माहेरचे म्हणून मामाजी, आणि आईमुळे मग सगळ्या गावाचेच. पूर्वी गावात दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ व्हायचा, थंडीत नाटक बसायचं, तेव्हा तालीम घेण्याचं काम त्यांच्याकडे असे. पुढे पोरं कामाला नागपूर-हैदराबादला गेली, उरलेल्यांच्या हातात मोबाइल आले आणि नाटक बंद पडलं. मामाजींची तालीम मात्र बंद पडली नाही. नाटक नाही म्हणून ते बाकीच्या गोष्टींची तालीम घेऊ लागले.

त्यांची दोन वाक्यं गावात सगळ्यांना पाठ आहेत. कुणी काही बेत सांगितला की, "कागदावर सगळंच होते. उभं करून पाहा." आणि उभं करून पाहिल्यावर, ते कितीही चांगलं झालेलं असो, "फिरून एकदा!"

आमच्या शेजारच्या सुनीताला पाहायला पाहुणे येणार होते, तेव्हा आदल्या दिवशी मामाजी डोक्यावरून टॉवेल घेऊन सासू होऊन बसले. त्यांनी इतके वाकडे प्रश्न विचारले, की सुनीता आधी रडली, मग चिडली आणि शेवटी म्हणाली, "तुमच्या पोराले कुकर लावता येते का, ते सांगा आधी!" मामाजी खूश. "वा! फिरून एकदा!" दुसऱ्या दिवशी खरी सासू आली ती बिचारी गरीब. तिने फक्त एवढंच विचारलं, की बेटी, स्वयंपाक येतो ना? सुनीताच्या तोंडून तालमीतलंच वाक्य बाहेर पडलं. मग कोपऱ्यात बसलेला मुलगा हळूच म्हणाला, "येते." लग्न जमलं. आजही सुनीता माहेरी आली की मामाजी तिला विचारतात, "कुकर कोन लावते?"

दवाखान्यात जायचं असलं तरी ते आधी घरी तालीम करतात. मामीजी डॉक्टर होतात. "कुठं दुखते?" "इथं." "इथं म्हंजे कुठं? नीट सांगा, बाहेर लाइन लागली." तिसऱ्या खेपेपर्यंत बहुतेक वेळा त्यांचं दुखणं थांबतं. मामीजी म्हणतात, त्यांची फीस अजून बाकी आहे.

अशा माणसाच्या हाती आमच्या मासळीच्या घाटाचं काम कसं गेलं, ते सांगते. हे मी नीट सांगू शकेन की नाही माहीत नाही, कारण त्यात थोडी मीही आहे.

जलाशयात आमच्या गावच्या मच्छी समितीचे पिंजरे आहेत. पाण्यावर तरंगणाऱ्या चौकटी, खाली जाळं आणि जाळ्यात वाढणारे मासे. मासे डोंग्यांतून, म्हणजे लहान होड्यांतून, घाटावर येतात, तिथे क्रेटमध्ये बर्फ घालून भरतात आणि पिकअप गाड्या ते घेऊन जातात. धंदा बरा चालला, तेव्हा समितीने ठरवलं, पिंजरे तिप्पट करायचे. अर्ज केला. वरून उलट कागद आला, की आधी 'घाट की क्षमता एवं यातायात पर प्रभाव', म्हणजे घाटाला किती झेपेल आणि रहदारीवर काय परिणाम होईल, ते कळवा.

समितीचे अध्यक्ष श्यामलालभाऊ तो कागद घेऊन आमच्या घरी आले. "करुणा, तू कॉलेजात हायेस ना? मंग हे तूच लिही."

मी बालाघाटला बी.ए.ला आहे, भूगोल घेऊन. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात गेलेल्या माणसाला काय काय येतं, याबद्दल गावाचे अंदाज फार मोठे आहेत. नाही म्हणायची मला लाज वाटली. मी गावातल्या शिंप्याची टेप घेतली, घाट मोजला, डोंगा मोजला आणि भागाकार केला. मग रस्त्याचंही तसंच केलं. उत्तर आलं की घाट पुरतो. मला आनंद झाला. भागाकार बरोबर सुटला की मला नेहमीच आनंद होतो.

विहाराच्या ओट्यावर समितीची बैठक होती, तिथे मी ते वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त दोन माणसांनी नाही. एक सुखवंता आजी. तिचं घर शाळेला लागून, बरोबर त्या वळणावर आहे जिथून सगळ्या पिकअप घाटाकडे उतरतात. ती म्हणाली, "आताच एक पिकअप आली का माझ्या सुपातले तांदूळ उडते. तिप्पट आल्यावर म्या कुठं बसू, पान्यात?"

दुसरे मामाजी. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत याचं मला नवल वाटलं. कारण घाट पुरा पडावा असं गावात सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल, तर त्यांनाच.

त्यांचा एकुलता मुलगा पंकज हैदराबादला एका कंपनीत कामाला आहे. वर्षातून एकदा येतो, दिवाळीला, तोही घाईत. मागच्या खेपेला तो म्हणाला होता, "बाबा, पिंजरे वाढले तं समितीले मोटरबोट चालवाले मानूस लागनच. मले ठेवलं तं मी इथंच राह्यतो." श्यामलालभाऊंनी शब्दही दिला होता. मामाजींनी लगेच मागची खोली सारवून घेतली. लांजीहून पंकजसाठी नवीन पलंग आणला, सागाचा, मोठ्या डोक्याचा, उशाशी रुंद फळी असलेला. आणि तो गाडीतून उतरवताना दारातून जाईल की नाही, याची आधी रिकाम्या हाताने तालीमही केली. मामीजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरी, पुरते असंच लिहिजो बाई." मामाजी स्वतः मात्र त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

बैठकीत ते उठले आणि म्हणाले, "करुणाचा हिसाब बराबर असन. पन कागदावर सगळंच होते. उभं करून पाहा."

"मामाजी, तिप्पट गाड्या आनाच्या कुठून?" श्यामलालभाऊंनी विचारलं.

मामाजींनी ओट्याखाली खेळणाऱ्या पोरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चार पोट्टे आन एक खाट. झाली पिकअप."

रविवारी तालीम ठरली. घरोघरच्या खाटा गोळा झाल्या. प्रत्येक खाटेला चार कोपऱ्यांना चार पोरं, पुढच्या उजव्या पोराने हॉर्न वाजवायचा, तोही तोंडाने. माशांच्या दाण्याची पोती घेऊन येणारा ट्रक म्हणून तणसाची बैलगाडी. जलाशयातले सगळे डोंगे बोलावले, मासळीच्या जागी क्रेटमध्ये पळसाची पानं. शाळा सुटते तेव्हाच गाड्या येतात ही मुख्य तक्रार, म्हणून मुलांनी शाळा सुटल्याचं काम करायचं होतं. सुट्टीच्या दिवशी शाळा सुटायला मुलं एका पायावर तयार होती. सुखवंता आजीला मामाजी म्हणाले, "काकी, तुमी दारात बसून तांदूळ पाखडा."

"ते तं म्या रोजच करतो."

"तेच करा."

"मंग तालीम काहाची? मले दुसरं काम दे. पोलीस तरी कर."

तिला पोलीस केलं नाही म्हणून ती शेवटपर्यंत रागात होती, आणि त्यामुळे तिचं काम सगळ्यांत खरं वाटलं.

माझ्या हातात वही होती आणि मला वळणावर उभं केलं होतं. पहिल्या खाटा आल्या, तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मामाजींनी खाटा निवडताना सगळ्या लहान निवडल्या होत्या. बाजा म्हणाव्यात अशा. त्या वळणावरून भुर्रकन गेल्या. मामाजी मोठ्याने म्हणाले, "गेली! पाहा, कशी गेली!" आणि त्यांनी एकदाही "फिरून एकदा" म्हटलं नाही. मला ते समजलं, आणि मी काही बोलले नाही.

सुखवंता आजी बोलली. "ये सदाराम! त्या बाजीवर माझी नात निजते. तुही पिकअप का पाळण्यात बसते?"

सगळे हसले. मामाजी हसले नाहीत. ते चार पोरांना घेऊन घरी गेले आणि परत आले ते पंकजचा सागाचा पलंग घेऊन. मामीजी दारातून ओरडत होत्या, "अजून कोनी निजलं बी नाई त्याच्यावर!"

त्याच सुमारास आणखी एक घोटाळा झाला. घाटावर इतके डोंगे पाहून शेजारच्या टोल्यांत, वस्त्यावस्त्यांत, बातमी गेली, की समितीने मोठं जाळं काढलं, मासळी स्वस्त मिळते आहे. पिशव्या घेऊन लोक येऊ लागले. मोटारसायकली आल्या. भजीवाल्याने कढई मांडली. आणि या सगळ्यात बालाघाटच्या व्यापाऱ्याची एक खरी पिकअप, बर्फासकट, वळणावर येऊन उभी राहिली. तिच्यासमोर एक खाट होती.

"ए, खटिया हटाओ!" ड्रायव्हर ओरडला.

खाटेच्या पुढच्या पोराने मान हलवली. "नहीं भाईसाब. पहले हमारी गाड़ी निकलेगी. हम लोडेड हैं."

"काहे की लोडेड?"

"पंगास मछली है," पोरगा म्हणाला, आणि पळसाची पानं दाखवून त्याने तोंडाने जोरात हॉर्न वाजवला. ड्रायव्हरने खरा हॉर्न वाजवला. मागच्या सगळ्या खाटा वाजू लागल्या. बैलगाडीचे बैल बिचकून आडवे झाले. घाटावर डोंगे एकमेकांना धडकत होते, पाठीमागच्यांना काठाला लागायला जागा मिळत नव्हती, आणि एक जण कंटाळून कमरेभर पाण्यातून चालत भजी खायला गेला. मी काय लिहावं ते न कळून वहीत फक्त 'खूप' असं लिहिलं. मामाजी या सगळ्याच्या मधोमध उभे होते, हात वर करून. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा नाटकाच्या दिवसांनंतर पाहिला नव्हता.

मग शाळा सुटली. म्हणजे मुलं धावत आली. पलंगवाली पोरं मागे सरकत होती, कारण पुढे खरी पिकअप होती. शाळेच्या भिंतीशी तिसरीतली एक मुलगी होती. पलंगाचं मोठं डोकं वळलं आणि ती भिंत आणि पलंग यांच्या मधे आली. पोरांनी लगेच पलंग टाकला. तिला फार लागलं नाही, कोपर खरचटलं, पण ती घाबरून जी रडायला लागली, ती खरीच रडली. सगळे हॉर्न एकदम बंद झाले.

मामाजींनी तिला उचललं. कोपर पाहिलं. मग पलंगाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. भजीवाल्याकडून तिला भजी घेऊन दिली आणि तिला कडेवर घेऊन ते तसेच तिच्या घरापर्यंत चालत गेले.

संध्याकाळी ओट्यावर परत सगळे जमले. श्यामलालभाऊंचं म्हणणं होतं, की ही तालीम धरायचीच नाही. आणि मला वाटतं, त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नव्हतं. निम्मी गर्दी तर तालमीमुळेच आली होती. ती मासळी घ्यायला आलेली माणसं, ती भज्यांची गाडी, हे रोज थोडंच असणार? रहदारी मोजायला गेलो आणि रहदारी आपणच तयार केली, असं ते म्हणाले. "मामाजी, खोट्या गर्दीवरून खरा कागद कसा लिहाचा?"

"गर्दी खोटी होती," मामाजी म्हणाले. "वळण तं खरं आहे ना?"

श्यामलालभाऊ हळूच म्हणाले, "मामाजी, पंकजचं काम..."

"मले मालूम आहे," मामाजी म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "लिही बेटी. सध्या पुरत नाही."

मी लिहिलं. माझा भागाकारही लिहिला, वळणही लिहिलं. गर्दी कशामुळे झाली तेही लिहिलं, लपवावंसं वाटलं नाही. शेवटी असं सुचवलं, की गाड्या शाळेच्या अलीकडेच थांबवाव्यात आणि धरणाच्या बाजूने वेगळा रस्ता आणि दुसरा घाट झाल्यावरच पिंजरे तिप्पट करावेत. ते मान्य झालं. तोपर्यंत थोडेच पिंजरे वाढवायची परवानगी मिळाली. गाव नाराज झालं, पण फार नाही. सुखवंता आजी आता शाळेच्या अलीकडे दगड ठेवून तिथे स्वतः बसते आणि गाड्या अडवते. अखेर ती पोलीस झालीच. थोड्या पिंजऱ्यांना मोटरबोट मात्र लागत नाही. वल्ह्याचे डोंगे पुरतात.

परवानगीचा कागद आला त्या दिवशी संध्याकाळी मी तो दाखवायला मामाजींच्या घरी गेले. मामीजी अंगणातल्या चुलीवर भाकरी टाकत होत्या. मामाजी खाटेवर बसले होते. मी कागद वाचून दाखवला. ते म्हणाले, "चांगलं लिहिलंस." आणि मग त्यांनी पंकजला फोन लावला.

मामाजींना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांच्या फोनचा आवाज इतका मोठा असतो की अंगणात सगळ्यांनाच ऐकू जातो. पंकजने उचलला. मागे मशीनचा आवाज येत होता.

"बाबू," मामाजी म्हणाले आणि थांबले. त्यांना बोलताना अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तो घाट... लहान पडला रे."

मग पंकज म्हणाला, "हौ बाबा. श्यामलालभाऊनं सांगितलं मले. त्या पोरीले जास्त लागलं का?"

"नाई. कोपर. बरी आहे आता."

"मंग बरं झालं. तुमी चांगलं केलं, बाबा. मी... थांबा, सुपरवायजर आला. मंग बोलतो..."

फोन कटला. टूं टूं असा आवाज आला, तो मी ऐकला. मामाजींनी फोन कानावरून काढला नाही.

"हौ," ते म्हणाले. "हौ, हौ. ठीक आहे बाबू. दिवाळीले ये मंग... हौ, जास्त दिवसाची सुट्टी काढून."

मी खाली पाहत बसले. चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मामीजी तव्याकडेच पाहत म्हणाल्या, "विचारा त्याले, जेवला का."

"जेवला का?" मामाजींनी बंद फोनला विचारलं. थोडं थांबले. "जेवला म्हणते."

"का जेवला?"

मामाजी अडचणीत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काय मदत करणार! मग बराच विचार करून ते म्हणाले, "मच्छी-भात म्हणते."

मामीजींनी भाकरी उलटली, पदराने डोळ्यांतला धूर पुसला आणि म्हणाल्या, "मंग ठेवू द्या बाप्पा त्याले फोन. हात धुवाचे असन पोराले."